सवलतीचा अर्ज घरी दाखवावा का?

वाचकाचे पत्र (मे २०२२)

मी ४३ वर्षांची असून डोंबिवलीला राहते आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील एका विमा कंपनीच्या लेखा विभागात गेली सोळा वर्षे नोकरी करते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तेव्हापासून आजपर्यंत मी घरूनच काम करत आहे. घरी पती, ७४ वर्षांच्या सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी असते. पती अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात आहेत. त्यांना टाळेबंदीतही रोज जावे लागले. पोळ्यांच्या मावशींना आम्ही तेव्हा बंद केले आणि मी घरीच असल्यामुळे पुन्हा बोलावले नाही. दोन्ही वेळचा स्वयंपाक, सासूबाईंची मधुमेहाची औषधे आणि मुलीचा अभ्यास हे सारे कामाच्या जोडीने मीच पाहते.

आता कंपनीने ४ जुलैपासून आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात येण्यास कळवले आहे. ज्यांच्या घरी वृद्ध किंवा लहान मुले आहेत, त्यांनी १० जूनपर्यंत अर्ज केल्यास डिसेंबरअखेरपर्यंत सवलत मिळू शकते. कार्यालयाने बोलावल्याचे मी घरी सांगितले, अर्जाचे सांगितले नाही. ‘काही सवलत मिळते का बघ,’ असे पती म्हणाले, त्यावर मी ‘बघते’ एवढेच म्हटले.

खरे सांगायचे तर मला जायचे आहे. कंपनीचे पत्र वाचून मला आनंद झाला आणि नंतर त्या आनंदाची लाज वाटली. सवलत नाही, सक्तीच आहे, असे घरी सांगितले तर वाद होणार नाही. असे सांगणे चूक आहे का? भीतीही वाटते. गर्दीतून संसर्ग घरी आणला तर काय? नवे साहेब गेल्या वर्षी आले, त्यांना मी केवळ पडद्यावर पाहिले आहे. इतक्या दिवसांनी मला जमेल का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण पहिल्या वाचनात ते मला नेहमीचेच वाटले होते. गुढीपाडव्याला, म्हणजे २ एप्रिल २०२२ ला, राज्यातील करोनाचे निर्बंध उठले, तेव्हापासून ‘घरून काम आता सुटणार, पुढे कसे करू’ असे विचारणारी बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत, आणि ती लिहिणाऱ्या बहुतेकांना घरीच राहायचे आहे. तुमचे पत्र त्यांतले नाही, हे मला शेवटच्या परिच्छेदाशी आल्यावर कळले. तुम्हाला जायचे आहे, आणि अडचण आहे ती हे घरात बोलून दाखवण्याची.

प्रथम त्या लाजेविषयी. कार्यालयाचे पत्र वाचून आनंद झाला, यात वावगे काहीच नाही, आणि त्यावरून तुमचे घरावरचे प्रेम कमी ठरत नाही. सोळा वर्षांत तुम्ही एक काम शिकलात, आणि त्या कामाला स्वतःची जागा, वेळ आणि माणसे होती. टाळेबंदीने काम तेवढे शिल्लक ठेवले आणि बाकीचे काढून घेतले. सकाळी सव्वाआठच्या गाडीसाठी बाहेर पडलेली बाई संध्याकाळी साडेसातपर्यंत घरात नसते, ही गोष्ट पूर्वी तुमच्या घराला ठाऊक होती आणि त्याभोवती घराने आपली घडी बसवली होती. आज तुम्ही हिशेबांच्या बैठकीत बसलेल्या असतानाच कुकरच्या शिट्ट्या मोजता, गॅसच्या सिलिंडरसाठी दार उघडता, शेजाऱ्यांचे पार्सल घेऊन ठेवता आणि पावणेचारला सासूबाईंच्या चहाचे आधण चढवता, असे मी तुमच्या पत्रावरून धरून चालते. यातले प्रत्येक काम पाच मिनिटांचे असते, आणि म्हणूनच ते करायला कोणी दुसरे माणूस लागते, असे कोणालाच वाटत नाही.

हे केवळ तुमच्या घरापुरते असते तर मी एवढे लिहिले नसते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये, म्हणजे करोनाच्या आधीच्या वर्षी, वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली होती. घरातली बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जात असल्याचे आढळले, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटांचा. शिवाय दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच शेकडा २६ च्या आसपास होते, स्त्रियांचे ८१. हे आकडे माणसे कामासाठी घराबाहेर पडत होती त्या काळातले आहेत. त्यानंतर जिचे कार्यालयच स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत येऊन बसले, तिच्या दिवसाचे काय झाले असेल, हे सांगण्यासाठी तुम्हाला वेगळ्या पाहणीची गरज नाही. तेव्हा तो आनंद जबाबदारी टाळण्याचा नाही. आपल्या कामासाठी सलग चार तास मिळतील, या शक्यतेने माणसाला आनंद व्हावा, हे अगदी स्वाभाविक आहे.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळते. घरी ‘सक्ती आहे’ असे सांगू नका. तुम्ही ‘असे सांगणे चूक आहे का’ असे विचारले आहे. खोटे बोलणे वाईट असते, हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि संसारात असे सोयीचे खोटे कोणी कधी बोलतच नाही, असा आव आणण्याचीही माझी इच्छा नाही. माझा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो मला स्वतःच्या अनुभवातून कळलेला आहे, म्हणून थोडे माझ्याविषयी सांगते.

मी १९७९ साली एका सरकारी बँकेत नोकरीला लागले. आम्ही कल्याणला राहत असू. १९८९ मध्ये सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मी बिनपगारी रजा घेतली, ती लांबत लांबत चौदा महिन्यांवर गेली. त्यांची प्रकृती स्थिर झाली, एक मदतनीस मिळाला, आणि तरीही बँकेने आणखी सहा महिने रजा वाढवून देण्याची तयारी दाखवली, कारण आमचे शाखाधिकारी भले गृहस्थ होते. मला मात्र परत जायचे होते. घरी मी सांगितले की बँकेने बोलावले आहे आणि हजर झाले नाही तर नोकरी जाईल. त्या दिवशी काहीही वाद झाला नाही. सासूबाई म्हणाल्या, ‘मेली ती बँक, माणसाचे दुखणेखुपणेही बघत नाही.’ मी मान खाली घालून डबा भरला, आणि मनातल्या मनात आपल्या हुशारीवर खूशही झाले.

त्या हुशारीची किंमत मला पुढे दहा वर्षे हप्त्याहप्त्याने द्यावी लागली. मी बँकेत जाते ती नाइलाजाने, असे घराने एकदा मान्य केल्यावर घरातली कोणतीही व्यवस्था बदलण्याचे कारणच उरले नाही. नाइलाज हा तात्पुरता असतो, त्यासाठी कोणी संसाराची घडी नव्याने बसवत नाही. मी थकून आले की सगळ्यांना माझी कीव यायची, पण भांडी घासायला कोणी उठत नसे, कारण दोष बँकेचा होता. बढतीची परीक्षा द्यावी असे माझ्या मनात आले तेव्हा मला ते घरी बोलता येईना, कारण ज्या नोकरीला आपण रोज नावे ठेवतो तिच्यात वर चढण्याची इच्छा कशी सांगायची? पुढे २००० च्या अखेरीस सरकारी बँकांमध्ये स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. मी ती बातमी घरी सांगितलीही नव्हती, वर्तमानपत्रातूनच ती कळली, आणि संध्याकाळी मी घरी पोहोचले तेव्हा पेढे आणलेले होते. ‘सुटलीस एकदाची!’ असे सगळे म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले, हे विसरू नका. दहा वर्षे मी त्यांना जे सांगितले होते, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता. त्या पेढ्यांसमोर ‘मला नोकरी सोडायची नाही’ हे वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. मी अर्ज भरला. तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते.

या गोष्टीतून तुमच्यापुरते एवढेच घ्या. सक्तीचे कारण पुढे केले की आजचा वाद टळतो, पण आपली इच्छा घराला कळवण्याची संधीही त्याबरोबर जाते. तुमच्या बाबतीत तर हे खोटे टिकण्यासारखेही नाही. सवलत मागणारे तुमच्याच विभागात कोणी ना कोणी असेल. डिसेंबरपर्यंत घरी बसलेल्या त्या सहकाऱ्याचा उल्लेख एखाद्या संध्याकाळी तुमच्याच तोंडून सहज निघून जाईल, आणि मग चर्चा कार्यालयाची न राहता तुमच्या लपवाछपवीची होईल. तेव्हा अर्ज घरी दाखवा, आणि तो आपण भरणार नाही, हेही त्याच वेळी सांगा.

ही सवलत वरकरणी दिसते तितकी फुकट नाही, आणि तेही घरात सांगण्यासारखे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायमधील एका प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१० च्या अखेरीपासून नऊ महिने एक प्रयोग केला होता, आणि त्याचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना स्वतःहून घरून काम करायचे होते, अशांपैकी काहींना आठवड्यातून चार दिवस घरून काम दिले गेले आणि बाकीच्यांना कार्यालयातच ठेवले गेले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. घरून कामाची बाजू मांडणारे हे दोन आकडे नेहमी सांगतात, पण त्याच अभ्यासातील पुढच्या दोन गोष्टी क्वचित सांगितल्या जातात. सारखीच कामगिरी असूनही घरून काम करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी झाली होती, आणि प्रयोग संपल्यावर निवड करण्याची मुभा दिली तेव्हा घरी बसलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक कार्यालयात परतले, कारण त्यांना एकटेपणा जाणवत होता. फोन घेण्याचे काम आणि लेखा विभागाचे काम सारखे नाही, हे मला मान्य आहे. तरीही सगळा विभाग आठवड्यातून तीन दिवस एकत्र बसणार आणि तुम्ही एकट्या पडद्यावर असणार, या परिस्थितीत डिसेंबरपर्यंतचे सहा महिने तुमच्या खात्यात कसे जमा होतील, याचा विचार तुम्हीच करा. सगळेच पडद्यावर होते, तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

(ज्यांना खरोखरच घरी थांबणे भाग आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट येथे नोंदवते. आपल्याकडे खासगी नोकरदाराला घरून काम मागण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क नाही. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा प्रसूतिरजेनंतर घरून काम देण्याची तरतूद आली, पण तीही कामाचे स्वरूप पाहून आणि मालकाशी ठरवून. म्हणून मिळते आहे ती सवलत ज्यांना हवी आहे, त्यांनी ती संकोच न करता घ्यावी. तुम्हाला ती नको आहे, एवढाच फरक आहे.)

घरात हे कधी बोलावे? अर्जाची मुदत १० जूनला संपते, त्याआधीचा रविवार ५ तारखेला येतो. सकाळचा नाश्ता झाल्यावर, दूरचित्रवाणी बंद करून, सासूबाई आणि पती दोघेही समोर असताना बोला. पतींशी रात्री एकांतात बोलून त्यांच्याकरवी सासूबाईंना कळवण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती या वेळी बाजूला ठेवा, कारण तसे केले की निरोप पोहोचेपर्यंत त्याचा सूर बदलतो. तुम्ही म्हणावे ते असे: ‘कंपनीने सवलतीचा अर्ज दिला आहे. मी तो भरणार नाही. मला परत जायचे आहे, आणि आपले घर त्या तीन दिवसांत कसे चालेल, ते आपण आज ठरवू या.’ जाऊ का, असे विचारू नका. विचारले की त्याला ‘नको’ हे उत्तर असू शकते, आणि मग तुम्हाला भांडावे लागेल.

त्यानंतर जी कामे बोलायची आहेत, त्यांची यादी तुम्ही आधीच्या आठवड्यात करून ठेवा. आठवडाभर स्वयंपाकघरात एक वही ठेवा आणि सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळेत तुम्ही घरासाठी जे जे उठलात, ते वेळेसकट लिहा. मला खात्री आहे की यादी पाहून सर्वांत आधी तुम्हीच चकित व्हाल. तुमचे पती वाईट आहेत, असे तुमच्या पत्रातून कुठेही दिसत नाही. ते घरी नसताना घडणारी ही कामे त्यांनी कधी पाहिलीच नाहीत, एवढेच त्यातून दिसते. टाळेबंदीच्या काळात रोज जीव मुठीत धरून कारखान्यात जाणाऱ्या माणसाला घरी असलेले आपले माणूस सुखात आहे असे वाटले, तर त्याला फार दोष देता येत नाही. वही दाखवताना तिच्याकडून तक्रारीचे काम करून घेऊ नका. ‘हे साडेबाराचे इन्सुलिन किंवा गोळी, हे तीन वाजता शाळेच्या बसवर जाणे, त्या तीन दिवशी हे कोण करणार?’ असा प्रश्न विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसा. ही गप्प बसण्याची कला अवघड आहे. आपण बायका समोरच्याची अडचण पाहून दोन मिनिटांत ‘असू दे, मी करते’ म्हणतो, आणि यादीतले काम पुन्हा आपल्याच नावावर चढते. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होत आहेत, तेव्हा मुलीच्या येण्याजाण्याच्या वेळा नव्याने ठरवण्याची ही वेळ आपसूकच योग्य आहे.

सासूबाईंविषयी मला जरा थांबून लिहावेसे वाटते, कारण या बदलात खरे नुकसान कोणाचे होणार असेल तर त्यांचे. त्यांची औषधे एखाद्या डबीत वारांप्रमाणे भरून ठेवता येतात, जेवण झाकून ठेवता येते, पण या सव्वादोन वर्षांत त्यांना दिवसभराची सोबत मिळाली होती, ती भरून कशी देणार? करोनाच्या काळात त्यांचे देवळात जाणे, भजनी मंडळ, जिन्यातल्या गप्पा हे सारे बंद झाले असेल आणि पावणेचारच्या चहाला समोर बसणारे माणूस तेवढे उरले असेल. त्या ‘सवलत घे’ म्हणाल्या, तर त्यात पोळ्यांची चिंता असेलच असे नाही. त्यांना सोबत हवी आहे, हे त्या कदाचित शब्दांत सांगू शकणार नाहीत. तेव्हा हे तुम्हीच त्यांच्याशी वेगळे बोला, आणि हे बोलणे मात्र एकांतात करा. त्यांचे मंडळ पुन्हा सुरू झाले आहे का ते विचारा, झाले असेल तर पहिल्या दिवशी त्यांना तिथे सोडायला जा. कार्यालयातून दुपारी एक फोन त्यांना नेमाने करा, औषध घेतले का हे विचारण्यासाठी नको, सहज बोलण्यासाठी. आणि घरी राहायचे त्या दोन दिवसांत चार वाजताचा चहा त्यांच्याबरोबरच घ्या.

संसर्गाची भीती खरी आहे, पण तिचे माप नीट घ्या. सासूबाईंना लशीची दुसरी मात्रा घेऊन नऊ महिने झाले असतील तर साठ वर्षांवरील व्यक्तींना सध्या, म्हणजे मे २०२२ मध्ये, सरकारी केंद्रांवर खबरदारीची (तिसरी) मात्रा विनामूल्य मिळते, ती जुलैच्या आत द्या. १८ वर्षांवरील इतरांसाठी १० एप्रिल २०२२ पासून खासगी केंद्रांवर ती पैसे भरून उपलब्ध आहे, तिचा तुम्ही दोघांनी विचार करावा. मुखपट्टी आता ऐच्छिक असली तरी लोकलच्या डब्यात ती लावायला कोणी मनाई केलेली नाही. ताप किंवा घसा दुखणे वाटले तर त्या दिवशी घरून काम करण्याची परवानगी साहेबांकडून आधीच मागून ठेवा. पण या भीतीबाबत एक विचार मनात येतो, तो लिहिल्यावाचून राहवत नाही. तुमचे पती दोन वर्षे, लस येण्याच्याही आधीपासून, रोज अंबरनाथला जाऊन घरी येत आहेत. सासूबाईंना संसर्ग होईल म्हणून त्यांनी कामावर जाऊ नये, असे घरात कोणी म्हटल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. ही भीती तुमच्या वाटणीला आल्यावरच एवढी मोठी का झाली?

प्रवासाबद्दल डोंबिवलीकराला मी काय सांगावे! २१ ऑक्टोबर २०२० पासून बायकांना ठराविक वेळांत लोकलची मुभा मिळाली आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेतलेल्या सर्वांना, तेव्हा गर्दी कधीच परतली आहे, आणि तुमचे पाय तेवढे तिला विसरले आहेत. पहिल्याच दिवशी सव्वाआठच्या जलद गाडीशी सामना नको. जूनमध्ये एखाद्या दिवशी कुर्ल्यापर्यंत जाऊन या, तेथून संकुलात जाणाऱ्या बसचे आणि शेअर रिक्षाचे थांबे आता कुठे आहेत ते पाहून या. या महिन्यात, ५ मे २०२२ पासून, वातानुकूलित लोकलचे एकेरी तिकीट जवळपास निम्म्याने उतरले आहे, पासाचे दर मात्र उतरलेले नाहीत, म्हणून आठवड्यातून तीनच दिवस जाणाऱ्याला पास परवडतो की सुटे तिकीट, याचा हिशेब तुमच्यासारखीने मांडावा. योगायोग असा की १९९२ साली पश्चिम रेल्वेवर पहिली महिला विशेष लोकल धावली, ती तारीखही ५ मेच होती. त्या काळात मी मध्य रेल्वेवर चौथ्या सीटच्या कोपऱ्यावर टेकून मटार सोलत असे, आणि ‘कुठे उतरणार?’ असे विचारून सीट सांगून ठेवण्याची विद्या मला अजूनही येत असावी. तुमचा डब्यातला गट विखुरला असेल. काहींच्या नोकऱ्या गेल्या असतील, काही घरूनच काम करत असतील, आणि एखादी कदाचित नसेलही. याची मनाची तयारी ठेवा, कारण पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी येते ते बहुधा याच कारणाने.

‘जमेल का’ या तुमच्या शंकेला माझे उत्तर थोडक्यात आहे. ४ जुलैचा सोमवार म्हणजे ऐन पाऊस आणि जूनअखेरच्या तिमाहीचे हिशेब मिटवण्याचा आठवडा. लेखा विभागात परतायला यापेक्षा वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. म्हणून जूनमध्येच, काम हलके असताना, एक दिवस आपणहून जाऊन या. दारावर ओळखपत्र चालते का, बसायची जागा तीच आहे का, खणाची किल्ली कुठे आहे, हे पाहून घ्या. टेबलावर मार्च २०२० चे पान उघडलेली दिनदर्शिका सापडली तर दचकू नका. त्याच दिवशी नव्या साहेबांना भेटा आणि दहा मिनिटांत तीन गोष्टी विचारून घ्या: तीन दिवस कोणते, ते विभागातील सगळ्यांचे सारखेच असतील का, आणि संध्याकाळी निघण्याची वेळ काय. शेवटची गोष्ट पहिल्याच भेटीत बोलायला हवी. घरून काम करताना रात्री नऊलाही आपण उपलब्ध असतो, हे त्यांना गेल्या वर्षभरात सवयीचे झालेले आहे, आणि कार्यालयातला दिवस भरून पुन्हा घरी आल्यावर संगणक उघडण्याची प्रथा एकदा पडली की ती मोडत नाही.

मुलीचे तुम्ही फार कमी लिहिले आहे. टाळेबंदी लागली तेव्हा ती बालवर्गात असणार. सकाळी डबा घेऊन निघणारी आई तिला आठवत असेलच असे नाही. तिला ‘मला जावे लागते’ असे सांगू नका. ‘मला तिथले काम आवडते’ असे सांगा. ती रुसेल, आणि आठवडाभरात तुमच्या लॅपटॉपच्या खोलीत आपले खेळ मांडेल.

राहिल्या पोळ्यांच्या मावशी. त्यांना ४ जुलैपासून बोलावू नका, १५ जूनपासूनच बोलवा, म्हणजे तुम्ही घरात असतानाच घराला त्यांच्या हातची सवय होईल आणि तुमच्या हातची थोडी सुटेल. दोन वर्षांत त्यांचे दर वाढलेले असतील, त्यात घासाघीस करू नका. २०२० मध्ये त्यांना बंद केल्यावर किती महिने पैसे दिले, ते तुमच्या पत्रात नाही. फार दिले नसतील तर आता त्या येतीलच असे गृहीत धरू नका, आणि आल्या तर त्यांचे घर दोन वर्षे कसे चालले, तेही विचारा. हा फोन मात्र तुम्ही करू नका. तो तुमच्या पतींना करू द्या.